साडेसहाची लाइन

निरोपाच्या दिवशी ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला
आणि भिंतीवरचं एक घड्याळ.
जिला आता कुठंच वेळेवर पोचायचं नव्हतं
तिला घड्याळ.

एकतीस वर्षं सांगलीच्या एक्स्चेंजात काढली.
सुरुवातीला तर कानाला हेडफोन, दोन्ही हातांत प्लगच्या दोऱ्या.
हळदीचे भाव इंदूरला, बाळंतपणाची खबर बेळगावला.
मयताची बातमी असली की मला आधीच कळायचं,
माणसं नंबर फार सावकाश सांगायची.
जोडायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम.
ऐकायचं नाही.
(थोडं ऐकायचे. आता काय पेन्शन कापणार आहेत?)

मग दुपारचे दोन म्हणजे काय असतं ते समजलं.
साखर दोनशे ऐंशी. जिना उतरताना गुडघा बोलायचा.
पोरगा पुण्याहून सांगायचा, आई, आराम कर.
आराम करून करून मी दमले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, खाली लिहिलं : आमराई, रोज चार फेऱ्या.
तिथं भेटले मुजावर, एसटीचे कंडक्टर,
निघायचं झालं की अजून बाकाच्या दांडीवर दोनदा वाजवतात.
चंपूताई मगदूम, बालवाडीच्या. आम्हालाही रांगेत चालवतात.
आवटी अण्णा, पेठेतले तोलार,
कुणाचं नातवंड कडेवर घेतलं की वजन सांगतात,
फरक पडलाच तर पावशेराचा.
आणि देशिंगकर सर. बोलायचे कमी. शेंगा सोलून सगळ्यांना द्यायचे.

एका सोमवारी सर आले नाहीत.
आम्ही त्यांची जागा धरून ठेवली, रुमाल टाकून.
मंगळवारी पण.
बुधवारी मुजावर त्यांच्या दारात गेले
आणि दुधाच्या पिशव्या मोजत उभे राहिले.
तीन.

त्या रात्री मी वहीत रेघा मारल्या, जुन्या सवयीनं.
अकरा नावं, अकरा नंबर.
साडेसहाला मी मुजावरांना लावायचा,
मुजावरांनी चंपूताईंना, चंपूताईंनी अण्णांना, असं पुढं पुढं.
बोलायचं एवढंच :
उठलात?
उठलो.
दुखणं सांगायचं नाही, ते आमराईत.
शेवटच्यानं मला लावायचा.

पहिल्याच आठवड्यात नियम मोडले.
कोणी रात्रीचं स्वप्न सांगतं, कोणी सुनेचं,
कालिंदी उपाध्येबाई तर भाजी काय करू ते पण विचारतात.
मुजावरांचा गुडघा बदलला तेव्हा
वहीत आणखी एक रेघ आली, डब्याच्या पाळीची.
अण्णांनी रोज डबा हातात तोलून सांगितलं, आज भात कमी आहे.

एकदा लाइन तुटली. चंपूताई उचलेनात.
दहा रिंग. वीस.
माझ्या पोटात तो सावकाश नंबर सांगणारा आवाज.
गुडघा विसरून मी निघाले, रिक्षा कुठली, तशीच चालत.
दारात बघते तर मुजावर काठीसकट, अण्णा एकाच चपलेत,
आणि वरून गच्चीतून ओरडा :
मेले नाही! कुरडया घालतेय!
आलाच आहात तर हात धुवा आणि या वर.
फोन पिठाच्या डब्याशेजारी वाजत पडला होता.
त्या दिवशी चौघांनी मिळून तीन चादरी भरल्या.
अण्णांची प्रत्येक कुरडई सारख्या वजनाची.
माझ्या वेड्यावाकड्या. चंपूताईंनी शेरा दिला : प्रगती हवी.

आता साखर दीडशेच्या आसपास.
ती चालण्यानं उतरली की हसण्यानं, डॉक्टरांना ठरवू दे.
ते घड्याळ मी स्वयंपाकघरात लावलंय, ओट्याच्या वर.

सहा एकतीसला माझा फोन जातो.
मग वीसेक मिनिटं मी चहाचं आधण बघत उभी असते.
गावभागातून खणभागात, तिथून विश्रामबागेत,
कुणाकुणाच्या उशाशी वाजत असेल.
एकतीस वर्षं मी जोडून बाजूला झाले.

आज सहा पंचावन्न झाले. उपाध्येबाईंची भाजी असणार.
चहा उतू चाललाय.
वाजला.

उठलेय, म्हणते मी.
आणि हो, दोडका करा.